निवृत्ती मास्तराचा सप्ताह

खामगावला गाडी बदलायची होती आणि नांदुऱ्याकडची गाडी यायला तासाभराचा अवकाश होता. निवृत्ती मास्तराचं जे काही व्हायचं ते त्या तासाभरात झालं.

दिवाळीची सुट्टी संपवून तो अमडापूरहून वडनेर भोलजीला, आपल्या नोकरीच्या गावी परत निघाला होता. प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग सांभाळणारा, बिनलग्नाचा, तरणा माणूस. खिशात पगार येईपर्यंत पुरतील इतके पैसे. बाजारात एका दुकानाबाहेर सायीच्या रंगाचा टेरिलीनचा बुशशर्ट टांगला होता. किंमत ऐकून निवृत्ती दोन पावलं मागं सरला. तेवढ्यात दुकानदार म्हणाला की याला इस्त्री लागत नाही, धुवायचा आणि घालायचा. निवृत्तीनं उभ्याउभ्या हिशेब केला. जन्मभराच्या इस्त्रीचे पैसे वाचणार, म्हणजे हा शर्ट घेणं ही खरं तर काटकसरच. चौथीच्या पोरांना तो व्यवहारी गणित शिकवत असे. त्यातलं एकही उदाहरण त्याला तेव्हा आठवलं नाही.

वडनेरला तो उतरला तेव्हा अंगात शर्ट होता आणि खिशात तीन रुपये. पगाराला अजून आठवडा होता.

एरवी तो कडूबाच्या हॉटेलात जेवायचा. कडूबा रोख घ्यायचा. आधीचा एक मास्तर महिन्याची उधारी ठेवून बदलून गेला होता, तेव्हापासून मास्तर लोकांना उधार नाही, असा कडूबाचा नेम होता. तीन रुपयांत कडूबाकडं फार तर दोन दिवस निघाले असते. शाळेतल्या कुणाकडून उसने घ्यावेत, तर पहिल्याच दिवशी, शनिवारी, त्यानं तो शर्ट घालून सगळ्या शाळेत फेरी मारली होती. हेडमास्तर मोतीराम गुरुजींनी बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं होतं आणि घरचं बरं दिसतं मास्तरांचं, असं म्हटलं होतं. निवृत्तीनंही ते खोडून काढलं नव्हतं. असल्या शर्टात उसने पैसे मागता येत नाहीत, हे त्याला शर्ट घेताना कुणी सांगितलं नव्हतं.

मग रविवारी त्यानं ठरवलं की स्वतः रांधायचं. त्यात काय अवघड आहे, असं त्याला मनापासून वाटत होतं. गफ्फारभाईच्या किराणा दुकानातून त्यानं दोन किलो ज्वारी घेतली, तिखट-मीठ घेतलं, चार कांदे, जरासं तेल आणि पाव बाटली रॉकेल. ज्वारी गिरणीतून दळून आणली. डब्यातलं पीठ पाहून त्याला फार समाधान वाटलं. सकाळी दोन भाकरी, संध्याकाळी एक, सोबत कांदा आणि तिखट. लोक उगाच महागाईच्या नावानं बोंब मारतात, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

सोमवारी सकाळी त्यानं स्टोव्ह पेटवला आणि आयुष्यातली पहिली भाकर थापायला घेतली. भाकर हाताला चिकटली. हात सोडवला तर परातीला चिकटली. परातीपासून सोडवली तेव्हा ती एक राहिली नव्हती. दुसरी तव्यापर्यंत पोचली, पण तिचा आकार असा काही झाला की भूगोलाच्या तासाला भिंतीवर लावता आली असती. ती एका अंगानं जळाली आणि दुसऱ्या अंगानं कच्ची राहिली. ती कच्ची बाजू भाजण्याच्या नादात त्यानं स्टोव्हला पंप मारमार मारला. शाळेची घंटा झाली तेव्हा पोटात अर्धी भाकर होती आणि स्टोव्हच्या टाकीत जवळजवळ काहीच नव्हतं.

संध्याकाळची चिंता नव्हती. त्या वर्षी देशात धान्याची टंचाई होती आणि सोमवारी रात्रीचं जेवण सोडावं असं सगळीकडं सांगितलं जात होतं. दुपारी वर्गावर त्यानं याच विषयावर पोरांना कळकळीनं सांगितलं. त्याच्याइतक्या कळकळीनं त्या दिवशी जिल्ह्यात कुणी बोललं नसेल.

मंगळवारी सकाळी स्टोव्ह फुसफुसला आणि विझला. बाटली घेऊन तो गफ्फारभाईकडं गेला, तर रॉकेल संपलं होतं आणि आठवडाभर येणार नव्हतं. म्हणजे घरात डबाभर पीठ आणि ते भाजायला जाळ नाही. उरलेल्या पैशांतून त्यानं फुटाणे घेतले. थोडे शाळेत जाता जाता खाल्ले, थोडे येता येता, आणि वर तांब्याभर पाणी प्यायला. फुटाण्यांवर पाणी प्यायल्यानं पोट भरल्यासारखं वाटतं हे खरं, पण ते भरलेपण टिकत नाही, आणि जोवर टिकतं तोवर आवाज करतं.

तो राहत होता ती खोली तानाबाईच्या घराची पुढली खोली. तानाबाई साठीकडं झुकलेली, विधवा, दोन एकर राखून एकटी राहणारी बाई. देवाधर्माची मोठी आवड, आणि कुणाच्या घरात काय शिजलं याचीही तेवढीच. मंगळवारी दिवेलागणीला ती दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, आज तुमचा स्टो काऊन वाजून नाही राह्यला? जेवत नाही का?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण निवृत्तीच्या अंगात शर्ट होता. तोंडातून निघून गेलं, "उपास हाये, मावशी."

तिनं विचारलं, मंगळवारचा का. आता बघा, मंगळवारचा म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण बुधवारी स्टोव्ह पेटणार नव्हता, गुरुवारीही नव्हता, एवढा पुढचा विचार त्यानं केला. आयुष्यात पुढचा विचार त्यानं इतक्या वेगानं कधी केला नव्हता, आणि नेमका तोच नडला. सात दिवसांचा आहे, असं तो म्हणाला. शेगावच्या महाराजांच्या नावानं धरलाय, कालपासून.

तानाबाईनं हात जोडले. त्याला नव्हे, शेगावच्या दिशेला. मग ती आत गेली आणि थोड्या वेळानं वाटीभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन आली. सोबत उकडलेलं रताळं आणि त्यावर तूप. आमटीत हिरव्या मिरचीचा झणका होता. निवृत्तीनं वाटी चाटून पुसून स्वच्छ केली आणि महाराजांचं नाव घेतलं. ते मात्र अगदी खऱ्या मनानं.

बुधवारी दुपारपर्यंत ही बातमी गावात पोचली. समोरच्या गोजरबाईनं तांब्याभर दूध धाडलं. कुणी केळी दिली, कुणी राजगिऱ्याचे लाडू. पुष्पाबाई म्हणून गावात एक मोठी बागाईतदारीण होती, तिनं साबुदाण्याची खिचडीच पाठवली आणि वर निरोप, की संकोच करू नका, व्रतस्थ माणसाच्या मुखात गेलं तर आम्हाले पुण्य. साबुदाणा त्या दिवसांत काही स्वस्त नव्हता. तीन रुपयांच्या आठवड्यात निवृत्ती असा जेवत होता की पगाराच्या आठवड्यातही कधी जेवला नव्हता. गुरुवारी शर्टाचं पोटावरचं बटण त्याला जरा ओढल्यासारखं वाटलं. त्यानं आरशात पाहिलं, आणि आरशातल्या माणसाची त्याला लाज वाटली. तेवढ्यात दारात कुणीतरी शिंगाड्याचा शिरा घेऊन आलं. लाज बाजूला ठेवावी लागली.

पण उपासाचं नुसतं खाणं नसतं, हे त्याला हळूहळू कळू लागलं. पहाटे थंड पाण्यानं आंघोळ करायची असते, ती करताना तानाबाई आडाजवळ उभी राहून तांबे मोजायची. कार्तिकातली थंडी, आडाचं पाणी. व्रत आहे तोवर पायात वहाण नको, असं गोजरबाईनं सुचवलं, म्हणून शाळेत अनवाणी जायचं. संध्याकाळी मारोतीच्या देवळात बसून पोथी वाचायची. मास्तर वाचतात तं शब्द कसा सुटा सुटा ऐकू येते, असं म्हाताऱ्या बायांचं मत पडलं आणि गर्दी वाढली. मोतीराम गुरुजींनी शाळेत सगळ्या पोरांसमोर सांगितलं की संयम म्हणजे काय ते पाहायचं असेल तर निवृत्ती मास्तरांकडं पाहा. पोरांनी पाहिलं. निवृत्तीनं खाली, आपल्या अनवाणी पायांकडं पाहिलं.

सगळ्या गावात एकाच माणसानं त्याला काही दिलं नाही, तो म्हणजे गफ्फारभाई. शुक्रवारी निवृत्ती दुकानासमोरून जात असताना त्यानं हाक मारली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. गफ्फारभाई पुडीला दोरा गुंडाळत होता, वर न पाहता त्यानं विचारलं, "मास्तर, तुमच्या उपासाले कांदा चालते का?"

कांदे रविवारी घेतले होते, उपास सोमवारी सुरू झाला, असं काहीतरी निवृत्ती पुटपुटला. ज्वारीचं काय, असं गफ्फारभाईनं विचारलं नाही. त्यानं दोरा दातानं तोडला.

"मी कोणाले सांगत नाही," तो म्हणाला. "पण पुढच्या बारीनं उपास धराचा असंल, तं किराणा दुसऱ्या दुकानातून घेत जा."

शनिवारी तानाबाईनं उद्यापनाचा विषय काढला. एवढा मोठा सप्ताह, तो असाच कसा सोडायचा. पाच जोडपी तरी जेवायला पाहिजेत, पुरणाचा स्वयंपाक पाहिजे. रांधायचं ती पाहणार होती, गोजरबाई आणि पुष्पाबाई मदतीला येणार होत्या. सामान तेवढं मास्तरांनी आणायचं. निवृत्तीच्या खिशात तेव्हा काही नाणी होती आणि चार फुटाणे होते. तो म्हणाला की मनात तर फार आहे. मनात फार आहे हे वाक्य त्याला बरं वाटलं, कारण आठवड्यात बोललेलं ते एकमेव अर्धं खरं वाक्य होतं.

रविवारी तो नदीवर कपडे धुवायला गेला. खरं तर शर्टच धुवायचा होता. इस्त्री लागत नाही हे निदान एकदा तरी उपभोगावं, एवढाच हेतू. इकडं तानाबाईनं विचार केला की उद्यापनाच्या आधी मास्तराची खोली सारवून काढावी, एकटा गडी, त्याला काय जमणार. ती शेणाची बादली घेऊन आत गेली. निवृत्ती परत आला तेव्हा ती खोलीच्या मध्यभागी उभी होती. एका हातात पिठाचा डबा, दुसऱ्या हातात ती नकाशासारखी अर्धी भाकर, जी फेकायला जीव झाला नव्हता म्हणून त्यानं खाटेखाली ठेवली होती. पायाशी कांद्याची टरफलं.

"हे पीठ कोणाचं?" तिनं विचारलं.

"माहं."

"अन् हा कांदा?"

"माहाच."

ती खाटेवर बसली. या सगळ्यात काही तरी खरं होतं का, एवढंच तिनं विचारलं. निवृत्ती ओला शर्ट खांद्यावर घेऊन उभा होता, शर्टाचं पाणी सारवलेल्या जमिनीवर ठिबकत होतं. त्यानं खरंच आठवून पाहिलं.

"भूक खरी होती, मावशी."

"मंग मले भूक लागली म्हणून सांगाचं. देवाले काऊन मधात आणलं?"

तिनं भाकरीचा तो तुकडा उलटसुलट करून पाहिला, आणि तो पाहताना तिचा राग मधेच कुठंतरी अडखळला असावा, कारण ही कशानं थापली, पायानं का, असं तिनं विचारलं. पण लगेच ती सावरली. तिचे शेंगदाणे गेले होते, भगर गेली होती, गोजरबाईचं दूध गेलं होतं. शिवाय सगळ्या गावात हात जोडून ती सांगत फिरली होती, त्याचं काय. तिनं निकाल दिला. नाव घेतलंच आहे, तर आता उपास खरा करायचा. उद्यापासून सात दिवस. एक वेळ दूध आणि एक रताळं, तेही स्वतःच्या पैशांनी. गावाला सांगायचं की मास्तरांनी सप्ताह वाढवला. उद्यापन त्यानंतर.

"अन् भगर मी देत नाही," दारातून वळून ती म्हणाली.

सोमवारी पगार झाला.

देवाच्या दरबारात कुणी विनोदी माणूस कामाला असावा, असं निवृत्तीला तेव्हापासून वाटत आलं. खिशात करकरीत नोटा, आणि पोटात एक रताळं. कडूबाच्या हॉटेलापुढून शाळेत जायचं, शाळेतून यायचं. कडूबा नेमका त्याच वेळी कढईत भजी सोडायचा. गेल्या आठवड्यात पैसे नव्हते तेव्हा हा वास इतका लांबपर्यंत येत नव्हता. सप्ताह वाढवला म्हटल्यावर गावाचा आदर दुप्पट झाला होता, आणि दुप्पट व्रत म्हणजे काहीच खात नसणार, अशा समजुतीनं लोकांनी काही आणून देणंही बंद केलं होतं. पोथी वाचताना अन्नाचा उल्लेख आला की त्याचा आवाज जड व्हायचा. म्हाताऱ्या बाया त्याला भक्ती समजून डोळे पुसायच्या.

बुधवारपर्यंत त्यानं निभावलं. बुधवारी शाळेच्या कामासाठी त्याला नांदुऱ्याला जावं लागलं. खडूचे खोके ताब्यात घेतले, कागदावर सही केली, आणि परत निघताना त्याचे पाय स्टेशनाबाहेरच्या भज्यांच्या गाडीकडं कसे वळले ते त्याला कळलं नाही. म्हणजे कळलं होतं. चांगलं कळलं होतं. इथं आपल्याला कोण ओळखतंय, असा विचार करून तो बाकड्याकडं गेला, आणि बाकड्यावर गफ्फारभाई बसला होता. दुकानाचा माल घ्यायला तो बैलगाडी घेऊन आला होता. समोर कांद्याच्या भज्यांची प्लेट.

गफ्फारभाई जरा सरकला आणि त्यानं जागा करून दिली. मग प्लेट दोघांच्या मध्ये ठेवली. निवृत्तीनं एक भजं उचललं, मग मोजणं सोडलं. दुसरी प्लेट आली, तिसरी आली. सगळं झाल्यावर गफ्फारभाईनं धोतराला हात पुसत भजीवाल्याला सांगितलं की पैसे मास्तर देतील, यांचा पगार झाला आहे.

येताना तो गफ्फारभाईच्याच बैलगाडीत बसून आला, गुळाच्या भेल्यांना टेकून. गफ्फारभाईनं आपल्या लहानपणची गोष्ट सांगितली. पहिला रोजा धरला होता तेव्हा दुपारी शेतातल्या विहिरीवर जाऊन पोटभर पाणी प्यायला. घरी आल्यावर आईनं नुसतं ओठांकडं पाहिलं आणि विचारलं, पाणी गोड होतं का. मारलं नाही तिनं. म्हणाली, तुझ्यानं होत नसंल तर नको धरू, पण तहान लागली तर घरी येऊन पी. एवढं सांगून गफ्फारभाईनं बैलांच्या शेपटीला हात लावला आणि वडनेर येईपर्यंत तो तुरीच्या भावाविषयी बोलत राहिला.

तानाबाई अंगणात सुपात डाळ पाखडत होती. निवृत्ती तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला आणि त्यानं सांगून टाकलं की नांदुऱ्याला भजी खाल्ली. तिनं सूप थांबवलं नाही. किती खाल्ली, असं विचारलं. तीन प्लेटी, तो म्हणाला. कांद्याची का. हाव, कांद्याची. मग सूप थांबलं.

त्याला वाटलं, आता तिसरा सप्ताह. पण तानाबाई त्याच्याकडं पाहतच राहिली, आणि मग सूप मांडीवर ठेवून तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, निवृत्तीनं धावत जाऊन पाणी आणून दिलं.

"मास्तर, हे तुमच्यानं होत नाही," ती म्हणाली. "उपासही होत नाही अन् भाकरही होत नाही. उद्यापासून माह्याकडं जेवत जा." आणि घोटभर पाणी पिऊन पुढं म्हणाली, "महिन्याचे पैसे मात्र आधी द्या. आताच द्या."

त्यानं तिथल्या तिथं दिले. तिनं ते दोनदा मोजले आणि कनवटीला लावले. उद्यापन त्या रविवारी झालंच, कारण पाच जोडप्यांना आवतण गेलं होतं आणि ते मागं घेता येत नव्हतं. पुरणाचं सामान निवृत्तीनं गफ्फारभाईकडूनच आणलं. गफ्फारभाईनं ते गंभीर चेहऱ्यानं बांधून दिलं आणि वर मूठभर वेलदोडे स्वतःच्या पदरचे घातले. जेवताना पुष्पाबाईनं निवृत्तीला आग्रह करकरून वाढलं आणि पोट किती आत गेलं मास्तरांचं, म्हणून हळहळली. तानाबाई पंगतीत तूप वाढत होती. त्याच्या पानाशी आल्यावर तिची तुपाची धार जरा बारीक झाली.

निवृत्ती वडनेरला पुढं नऊ वर्षं राहिला. त्याचं लग्न झालं, पोरं झाली, तो हेडमास्तरही झाला. पण गावात त्याचं नाव उपासवाले मास्तर असंच पडलं ते पडलं. आषाढी असो, महाशिवरात्र असो, सकाळपासून त्याच्या घरी रताळी येऊन पडायची. बायकोनं एकदा विचारलं की ही सगळी तुम्हालाच का आणून देतात. निवृत्ती म्हणाला की लोकांचा माझ्यावर फार विश्वास आहे, आणि पुढचं रताळं सोलायला घेतलं.